परतीचं तिकीट कुठाय?

"काका, परतीचं तिकीट दाखवता?" मुंबई विमानतळावरच्या चेक-इन काउंटरवरच्या मुलीने विचारलं, आणि माझ्याकडे ते नव्हतं. पंधरा दिवस बाली, मग तिथूनच मलेशिया. तारीख तिकडे गेल्यावर ठरवू, असा बेत. पासपोर्टची मुदत शिल्लक, हॉटेलचं बुकिंग हातात, खात्यात पैसे. तरी बोर्डिंग पास मिळेना. मागची रांग चुळबुळायला लागली. शेवटी बाजूला उभं राहून मोबाईलवर देनपसार ते क्वालालंपूर तिकीट काढलं, पीएनआर दाखवला, तेव्हा कुठे बॅग पट्ट्यावर चढली.

त्या दिवशी मला त्या मुलीचा राग आला होता. नियम वाचले तेव्हा तो गेला. १९४४ च्या शिकागो करारावर आंतरराष्ट्रीय विमान वाहतूक उभी आहे. त्याच्या नवव्या परिशिष्टानुसार एखाद्या देशाने प्रवाशाला दारातूनच परत फिरवलं, तर त्याला माघारी नेण्याची जबाबदारी त्याला आणणाऱ्या विमान कंपनीवर येते. कागदपत्रं अपुरी असली तर अनेक देश कंपनीला दंडही करतात. युरोपात तो एका प्रवाशामागे हजारो युरोंच्या घरात जातो. म्हणून काउंटरवरचा कर्मचारी संगणकात 'टायमॅटिक' उघडतो. कोणत्या पासपोर्टवर कोणत्या देशात काय लागतं, याची ही 'आयाटा' या विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेची माहितीप्रणाली. तिथे 'परतीचं किंवा पुढचं तिकीट हवं' असं असेल, तर त्या मुलीच्या हातात काही उरत नाही.

त्यातला 'पुढचं' हा शब्द महत्त्वाचा. तिकीट भारताचंच हवं असं नाही, देशाबाहेर पडणारं हवं. इंडोनेशिया आपल्याला विमानतळावर ३० दिवसांचा व्हिसा देतो, फी ५ लाख रुपिया, आणि तो एकदा वाढवता येतो. मुदत उलटली तर दिवसाला १० लाख रुपिया दंड. फक्त ज्या देशाचं पुढचं तिकीट काढाल, तिथे तुम्हाला प्रवेश मिळणार आहे ना, ते आधी बघा. आणि पाच-पन्नास डॉलरना मिळणाऱ्या बनावट 'डमी' तिकिटांच्या नादी लागू नका. रद्द करता येणारं खरं तिकीट काढा.

नेपाळला हा प्रश्नच येत नाही. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे आपल्याला व्हिसाच लागत नाही. युरोपच्या शेंगेन व्हिसाला अर्ज करतानाच परतीचा बेत मांडावा लागतो.

अमेरिकेचं मात्र नीट समजून घ्यायला हवं, कारण लेकीच्या बाळंतपणाला जाणारे आईवडील आपल्या घराघरांत आहेत. हातात बी-२ म्हणजे पर्यटक व्हिसा असलेल्याला परतीचं तिकीट दाखवण्याची कायद्याने सक्ती नाही. पण व्हिसा देतानाच तिथल्या कायद्याचं कलम २१४(बी) असं धरून चालतं की अर्जदार कायमचा राहायला निघालाय. तसं नाही, हे आपण पटवायचं. विमानतळावरचा अधिकारी बहुधा सहा महिन्यांपर्यंत राहू देतो. ती तारीख आय-९४ नोंदीत असते, आणि राहण्याची मुदत तीच. व्हिसाच्या स्टिकरवरची नव्हे. अनेक आजी-आजोबांचा घोटाळा इथेच होतो. पोचल्यावर लेकीला ती नोंद इंटरनेटवरून काढायला सांगा. "पाच महिन्यांनी परत जाणार" एवढं सरळ उत्तर आणि हातात तिकीट असलं, की म्हाताऱ्या माणसांची धडधड निम्मी होते.

ज्यांची काळजी मला सगळ्यात जास्त वाटते ती वीस-बावीस वर्षांची मुलं. मार्च २०२५ मध्ये आपल्या सरकारने थायलंडच्या माए सोतहून वायुदलाच्या विमानांनी ५४९ भारतीयांना परत आणलं. नोकरीच्या आमिषाने नेऊन त्यांना सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर अडकवलं होतं. तुमच्या गावातल्या कोणा पोराच्या हातात एजंटने पर्यटक व्हिसा आणि नुसतं जायचं तिकीट ठेवलं असेल, वर "तिथे गेल्यावर कामाचे कागद करू" म्हणत असेल, तर त्याला थांबवा. एजंटची नोंदणी सरकारच्या 'ई-मायग्रेट' संकेतस्थळावर बघता येते. ती बघितल्याशिवाय त्याला मुंबईची गाडी पकडू देऊ नका.