सावलीत साठलेला उजेड

हिंगोली जिल्ह्यातल्या डोंगरकड्याला केळीच्या बागेत भर दुपारी काढलेला फोटो बहुतेक वेळा फसतो. माणूस नीट यावा म्हणून उजेड वाढवला, तर पानांच्या फटींतलं आभाळ पांढरंफट्ट होतं. आभाळ सांभाळलं, तर खाली उभा माणूस काळाठिक्कर. नांदेड-हिंगोली रस्त्यालगतचा हा पट्टाच केळीचा. बाग दाट, पानं एकमेकांत घुसलेली, त्यामुळे आतल्या नि बाहेरच्या उजेडात जमीन-अस्मानाचा फरक.

असाच एक कापणीच्या दिवसाचा फोटो माझ्याकडे वर्षानुवर्षं पडून होता. आभाळ झकास, माणसं म्हणजे नुसत्या काळ्या आकृत्या. जुनी हार्ड डिस्क चाळताना तो नव्या सॉफ्टवेअरमध्ये उघडला आणि 'शॅडो'ची पट्टी उजवीकडे सरकवत नेली. काळोखातून आधी घडाच्या फण्या दिसू लागल्या, मग घड पेलणारा खांदा, मग शर्ट. आणि शर्टावर तपकिरी डाग! केळीचा चीक ओला असताना पाण्यासारखा दिसतो, वाळला की तपकिरी होतो आणि मग काही केल्या निघत नाही. म्हणून कापणीला जाताना जुना, ठरलेला शर्टच अंगात घालतात. त्या शर्टाचा एकेक डाग फाइलमध्ये होता. पडद्यावर मात्र तो कधीच दिसला नव्हता.

मग इतकी वर्षं हे सगळं होतं कुठे?

कॅमेऱ्याच्या सेन्सरवर लाखो-कोटी बारीक घरं असतात. पाऊस सुरू झाल्यावर अंगणात ओळीनं वाट्या मांडाव्यात, तसं प्रत्येक घर आपल्या वाट्याला आलेला प्रकाश गोळा करतं. किती गोळा झाला, त्याचा आकडा 'रॉ' म्हणजे कच्च्या फाइलमध्ये जसाच्या तसा लिहिला जातो. चौदा बिटांच्या फाइलमध्ये हा आकडा ० ते १६,३८३ पर्यंत कुठलाही असू शकतो. आपण रोज पाहतो त्या जेपेग फोटोत एका रंगाला फक्त २५६ पायऱ्या मिळतात. आता गंमत बघा. प्रकाश निम्मा झाला की आकडाही निम्मा होतो. म्हणजे सगळ्यात उजळ भागाला ८,१९२ आकडे, त्याच्या निम्म्या उजेडाला ४,०९६, असं उतरत उतरत सहाव्या टप्प्यावर, जिथे आपल्या डोळ्याला जवळजवळ काळोखच दिसतो, तिथेही २५६ आकडे शिल्लक राहतात. जेपेगला पूर्ण फोटोसाठी जेवढ्या पायऱ्या मिळतात, तेवढ्या इथे एकट्या सावलीच्या एका पट्टीत आहेत.

केळीच्या बागेत तर आणखी एक योग जुळून येतो. ही घरं स्वतः रंगांधळी असतात, त्यांना फक्त उजेड कळतो. म्हणून प्रत्येक घरावर एका रंगाची गाळणी बसवतात. कोडॅक कंपनीच्या ब्राइस बायर यांना १९७६ मध्ये ज्या मांडणीचं पेटंट मिळालं, ती आजही बहुतेक कॅमेऱ्यांत आणि फोनमध्ये आहे: चार घरांत एक तांबडं, एक निळं आणि दोन हिरवी. माणसाच्या डोळ्याला हिरव्या भागातला बारकावा सगळ्यात चांगला कळतो, म्हणून हिरव्याला दुप्पट वाटा. इकडे केळीचं पान तांबडा आणि निळा प्रकाश बराचसा शोषून घेतं नि हिरवा खाली झिरपू देतं. म्हणजे त्या हिरव्या सावलीत जो काही उजेड शिल्लक होता, नेमका तोच पकडायला सेन्सरची निम्मी घरं बसलेली होती. माणसांचे चेहरे हिरवट दिसतात तेही याच उजेडामुळे. पण रॉ फाइलमध्ये पांढरा कोणता मानायचा याची नुसती नोंद असते. ती आज बदलली तरी मूळ आकड्यांना धक्का लागत नाही.

मला सगळ्यात जास्त नवल वाटतं ते पुढच्या गोष्टीचं. प्रत्येक घराला एकच रंग कळतो, म्हणजे रंगीत फोटोतली दोन तृतीयांश रंगमाहिती शेजारच्या घरांवरून गणितानं काढलेली असते. ते गणित दरवर्षी सुधारतं आहे. फाइल तीच, आकडे तेच, पण आज त्यांतून निघणारं चित्र फोटो काढला त्या वर्षी निघालेल्या चित्रापेक्षा स्वच्छ असतं.

जुन्या फोटोतून नवं चित्र काढणं हे काही संगणकापासूनच सुरू झालं असं नाही. अमेरिकन छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स यांनी १९४१ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या एका खेड्यावर उगवलेला चंद्र टिपला. त्या निगेटिव्हचा खालचा भाग फार फिका होता. १९४८ मध्ये त्यांनी तेवढाच भाग रसायनात बुडवून दाट केला, आणि पुढे कित्येक वर्षं त्याचे नवे प्रिंट काढत राहिले. फोटोची तारीख त्यांच्या नीट लक्षात नव्हती. ती पुढे खगोल-अभ्यासकांनी चंद्राच्या जागेवरून शोधून काढली.

आपल्याकडे पाहायचं तर हिंगोली आणि अजिंठा दोन्ही पूर्वी निजामाच्या राज्यात. त्या दरबारचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ १९०५ मध्ये वारले. त्यांच्या २,८५७ काच-निगेटिव्ह १९८९ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राकडे आल्या, म्हणजे त्यांनी टिपलेला उजेडही जपला गेला. अजिंठ्याला तर फ्लॅशला बंदी. नाशिकचे प्रसाद पवार यांनी तिथल्या अंधूक उजेडात भित्तिचित्रांचे फोटो घेतले आणि पुढे वर्षानुवर्षं संगणकावर बसून त्यांतले रेषा-रंग उलगडले. याला निव्वळ सजावट म्हणायला माझं मन धजत नाही. चित्रकार रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून खपून केलेल्या अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या बहुतेक प्रतिकृती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या, हे आठवलं की अशा प्रत्येक फाइलची किंमत कळते.

सावली उजळवली की दाणे मात्र दिसू लागतात. दोष कॅमेऱ्याचा असतो, पण सगळा नव्हे. प्रकाश कणाकणांनी येतो आणि शेजारशेजारच्या दोन घरांत अगदी सारखे कण सहसा पडत नाहीत. सरासरी १०० कण आले तर चढउतार सुमारे १० चा, म्हणजे दहा टक्के. १०,००० आले तर १०० चा, म्हणजे एकच टक्का. थोडक्यात, सावलीतली रवाळी ही बरीचशी प्रकाशाचीच जात आहे.

आजची सॉफ्टवेअर ही रवाळी चुटकीसरशी पुसतात. लाखो फोटो पाहून शिकलेली ती यंत्रणा, पानाची शीर इथे अशी असावी, असा अंदाज बांधते. पानापुरतं मला ते चालतं. पण चेहऱ्यावर तोच प्रयोग केला तेव्हा डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या गुळगुळीत झाल्या आणि त्या माणसाच्या नसलेल्या भुवया उगवल्या. चेहऱ्यापुरती ती सोय मी बंद केली आणि दाणे राहू दिले.

एक विनंती आहे. बहुतेकांचे फोटो आता फोनमध्ये असतात, त्यातही व्हॉट्सॲपवरून आलेले. जेपेग ही पद्धत फोटोचे आठ बाय आठ बिंदूंचे चौकोन पाडून त्यांतले बारकावे गाळते. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो आणखी लहान होतो, तारीख-वेळेची आतली नोंदही जाते. एकदा गाळलेलं कुठल्याच पट्टीनं परत येत नाही. लग्नातला, शेतातला, आजीचा काळवंडलेला फोटो पाठवायचा असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, ज्याने काढला त्याच्याकडून मूळ फाइल मागून घ्या, आणि फोन बदलण्याआधी ती दोन ठिकाणी ठेवा.