इसबाची लेखमाला : दूध तोडलं, पण परत दिलं का?

स्टिरॉइडच्या मलमांवर या आठवड्यात लिहायचं ठरलं होतं. ते पुढच्या वेळी. कफ परेडच्या मच्छीमार नगरातून एका ताईंचं पत्र आलंय, त्याचं उत्तर थांबवणं बरं नाही. मुलगा पंधरा वर्षांचा, इसब लहानपणापासूनचा. चार महिने दूध, दही, पनीर, अगदी चहातलं दूधही बंद. कोपराच्या आतली खाज कमी झाली, हात मात्र तसेच फुटलेले. आता शेजारणी म्हणतात, मासेही बंद करा.

ताई, मासे बंद करू नका. दूध आणि मासे एकत्र खाल्ले की कोड येतं, ही समजूत आपल्याकडे पक्की आहे. चरकसंहितेतही विरुद्ध आहारात ही जोडी येते. पण कोडात त्वचेच्या रंगपेशी नष्ट होतात आणि इसबात त्वचेचं कवचच कच्चं असतं. या कच्चेपणामागचा फिलॅग्रिन जनुकातला दोष 2006 मध्ये सापडला. तो ताटातून येत नाही.

आता दूध. तान्ह्या बाळाच्या तीव्र इसबात दुधावर संशय घ्यायला जागा असते. पंधराव्या वर्षी ती फार कमी उरते, कारण बहुतेक मुलांची दुधाची ॲलर्जी तोवर गेलेली असते. शिवाय इसब आपोआप चढतो-उतरतो, त्यामुळे खाज कमी झाली एवढ्यावरून दूध दोषी ठरत नाही. दूध तोडायचं ते चार ते सहा आठवडे, मग परत द्यायचं आणि बघायचं. ही दुसरी पायरी बहुतेक घरांत राहूनच जाते. तुमच्याकडे चार महिने झालेत, म्हणून दूध पुन्हा सुरू करताना डॉक्टरांना विचारा. इसबाच्या मुलांत दीर्घ खंडानंतर क्वचित एकदम तीव्र ॲलर्जी उसळते. आणि खरोखरच ॲलर्जी निघाली, तर म्हशीचं किंवा शेळीचं दूध हा पर्याय नाही. त्यांतली प्रथिनं गाईच्या दुधासारखीच असतात.

तोवर कॅल्शियमचं काय? आयसीएमआरच्या हिशेबाने या वयाला दिवसाला 1000 मिलिग्रॅम लागतं. 100 ग्रॅम नाचणीत साधारण 350 मिळतं, म्हणून तांदळाच्या भाकरीबरोबर नाचणीचीही थापा. काट्यासकट खाल्लेली कुरकुरीत मांदेली, अख्खा जवळा, तिळाची चटणी. कोळ्यांच्या स्वयंपाकघराला दुधाची उणीव भरून काढणं अवघड नाही.

मला खरी काळजी त्या हातांची वाटते. 1976 मध्ये कोपनहेगनच्या त्वचारोगतज्ज्ञांनी स्वयंपाकघरांत काम करणाऱ्यांचे असेच हात तपासले. मासे, कोळंबी हाताळली की अर्ध्या तासाच्या आत खाज सुटे. कारण होतं फुटलेल्या त्वचेतून आत शिरणारी प्रथिनं. त्यात बर्फाचं पाणी आणि सततची ओल, म्हणजे कवच आणखी उघडं. असे कित्येक जण तेच मासे खाऊ शकतात, त्रास फक्त स्पर्शाचा असतो. खाल्ल्यावर ओठ सुजले किंवा धाप लागली, तर मात्र तो पदार्थ थांबवून लगेच डॉक्टर गाठायचा.

मुलगा सुट्टीत कोळंबी सोलायला बसतो का, हे पत्रात नाही. बसत असेल तर आत सुती आणि वर रबरी हातमोजे द्या, काम झालं की गोड्या पाण्याने हात धुऊन लगेच व्हॅसलिन लावा. आणि ताई, कोळंबी हाताला लागल्यापासून किती मिनिटांत खाज सुटते, ते घड्याळ लावून बघा आणि मला कळवा.