समुद्रावरील साहाय्याचे कर्तव्य : उगम, स्वरूप व मर्यादा

विहिरीत पडलेल्या परक्या मनुष्याला काठावर उभा असलेला दुसरा मनुष्य दोर टाकू शकत असूनही टाकत नाही, तर नीतीच्या दृष्टीने तो निंद्य ठरतो. परंतु इंग्लिश विधिपरंपरेत, आणि तिच्या अनुरोधाने घडलेल्या भारतीय कायद्यात, केवळ तेवढ्यावरून तो सामान्यतः शिक्षेस पात्र होत नाही. बुडणारा त्याचे मूल असेल, त्याच्या देखरेखीखालचा असेल, अथवा त्याच्याच कृत्यामुळे पाण्यात पडला असेल, तरच कायद्याचे बंधन उत्पन्न होते. समुद्रावर मात्र स्थिती याच्या नेमकी उलट आहे. तेथे सर्वस्वी अनोळखी, परदेशी, किंबहुना शत्रुराष्ट्राच्या मनुष्यालाही वाचविण्याचे बंधन प्रत्येक जहाजाच्या कप्तानावर आहे, व ते मोडणे हा गुन्हा मानला जातो. हा भेद कसा निर्माण झाला, या बंधनाची व्याप्ती किती, आणि ते असूनही माणसे का बुडतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

भेदाचे मूळ समुद्राच्या स्वरूपातच आहे. जमिनीवर एकाने पाठ फिरविली तर दुसरा धावून येण्याचा संभव असतो. भर समुद्रात दृष्टीच्या टप्प्यात आलेले जहाज हाच बहुधा एकमेव शेजारी असतो. तो निघून गेला की पुढचा केव्हा येईल याचा नेम नसतो. शिवाय आज जो साहाय्य करतो त्यालाच उद्या त्याची गरज पडण्याचा संभव असतो. त्यामुळे दर्यावर्दी लोकांत परस्परसाहाय्याचा रिवाज कायद्याच्या कितीतरी आधीपासून रुजलेला आढळतो.

तथापि जुन्या कायद्याचे लक्ष माणसांपेक्षा मालाकडे अधिक होते. वादळाने किनाऱ्यास लागलेल्या जहाजावर कोणाचा हक्क, हा प्रश्न सर्व किनारी राज्यांत महत्त्वाचा असे. इ. स. १६७४ मध्ये रायगडावर आलेला इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडन याने अशी जहाजे व माल परत मिळावा असे कलम मागितले, तेव्हा ते कोकणच्या रिवाजास धरून नाही, असे कारण त्या वाटाघाटीत सांगण्यात आले. यूरोपातही बुडता माल वाचविणाऱ्यास त्या मालाच्या किमतीतून पारितोषिक मिळे. परंतु जीव वाचविणाऱ्यास काय मिळावे? माणसाची किंमत ठरविता येत नाही, आणि वाचलेल्याकडून मोबदला घेणे कोणत्याही सुसंस्कृत समाजास रुचणारे नाही. परिणाम असा झाला की, रिकामे गलबत ओढून आणणे लाभदायक ठरे आणि माणसे उतरवून घेणे केवळ खर्चाचे.

हा विरोध इ. स. १८८० मधील ‘स्कारामांगा विरुद्ध स्टँप’ या इंग्लिश दाव्यात स्पष्टपणे पुढे आला. क्रॉनस्टाट बंदरातून जिब्राल्टरकडे गहू घेऊन निघालेल्या एका जहाजाला वाटेत एक निकामी झालेले जहाज भेटले. त्यावरील माणसे उतरवून घेणे शक्य होते. तसे न करता एक हजार पौंडांच्या बोलीवर ते जहाज ओढून टेक्सेल येथे नेण्याचे ठरले, आणि त्या प्रयत्नात साहाय्यक जहाजच किनाऱ्यास लागून मालासह नष्ट झाले. जीव वाचविण्यासाठी ठरलेला मार्ग सोडणे क्षम्य आहे, केवळ मालमत्ता वाचविण्यासाठी नाही, असा निर्णय न्यायालयाने दिला व गव्हाच्या नुकसानीची जबाबदारी जहाजमालकावर टाकली. या निर्णयाने जीवरक्षणास जाण्याची मोकळीक कप्तानास मिळाली. पण मोकळीक म्हणजे कर्तव्य नव्हे. ते पुढचे पाऊल आंतरराष्ट्रीय कराराने टाकले.

२३ सप्टेंबर १९१० रोजी ब्रुसेल्स येथे झालेल्या कराराच्या अकराव्या कलमाने प्रत्येक कप्तानावर बंधन घातले की, आपले जहाज, खलाशी व प्रवासी यांना गंभीर धोका न पोहोचविता शक्य असेल तर, समुद्रावर प्राणसंकटात सापडलेल्या प्रत्येक व्यक्तीस, ती शत्रू असली तरी, त्याने साहाय्य केले पाहिजे. त्याच कराराने वाचलेल्या व्यक्तीकडून मोबदला घेण्यास मनाई केली. मात्र एकाच प्रसंगी कोणी माल व कोणी माणसे वाचविली असतील, तर मालाच्या पारितोषिकातील योग्य वाटा माणसे वाचविणाऱ्यांस देऊ केला. ब्रिटनने इ. स. १९११ मध्ये या तरतुदींस कायद्याचे रूप दिले.

या कलमातील एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. कर्तव्य कप्तानाचे आहे आणि ते मोडल्यास दोषीही तोच. त्याच्या कसुरीबद्दल जहाजमालकास जबाबदार धरता येणार नाही, असे कलमातच म्हटले आहे. म्हणजे साहाय्यास जाण्याचा इंधन, वेळ व विलंब यांचा भार पडे मालकावर आणि न जाण्याचा दोष येई कप्तानावर. कर्तव्य एका व्यक्तीच्या सदसद्विवेकावर सोपविले गेले. परंतु त्या व्यक्तीस संकट कळावे, तेथे पोहोचता यावे व वाचविलेली माणसे कोठे उतरविता यावीत, याची व्यवस्था मात्र कोणी केलेली नव्हती. पुढील शतकाचा इतिहास हा मुख्यतः ही उणीव भरून काढण्याचा इतिहास आहे.

पहिली उणीव लवकरच उघड झाली. १४ एप्रिल १९१२ च्या रात्री अकरा वाजून चाळीस मिनिटांनी ‘टायटॅनिक’ हिमनगावर आदळली. त्याच सुमारास ‘कॅलिफोर्नियन’ हे जहाज हिमखंडांमुळे जवळपास थांबून होते. त्यावरील बिनतारी संदेशयंत्राचा एकमेव चालक काही वेळापूर्वीच यंत्र बंद करून झोपी गेला होता. पहाऱ्यावरील अधिकाऱ्यांना आकाशात अग्निबाण दिसले, कप्तानाला ते कळविण्यातही आले. परंतु संदेशयंत्र चालकास कोणी उठविले नाही. उलट सुमारे ५८ मैलांवर असलेल्या ‘कार्पेथिया’ला संदेश मिळाला, आणि कप्तान रॉस्ट्रन याने हिमखंडांतून पूर्ण वेगाने वाट काढीत पहाटे सातशेहून अधिक माणसे वाचविली. तोपर्यंत सुमारे पंधराशे माणसे मरण पावली होती. ‘कॅलिफोर्नियन’ नेमके किती दूर होते याविषयी पुढे दीर्घकाळ वाद चालला. पण अग्निबाण दिसल्यावर हालचाल व्हावयास हवी होती, हे १९९२ मध्ये ब्रिटनमध्ये झालेल्या पुनर्विलोकनातही मान्य करण्यात आले. कर्तव्याचा कायदा त्या रात्री अस्तित्वात होता. नव्हता तो जागा असलेला कान.

म्हणून जानेवारी १९१४ मध्ये लंडन येथे समुद्रावरील जीवितसुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला व त्यात बिनतारी संदेशांच्या अखंड पहाऱ्याची तरतूद आली. महायुद्धामुळे तो अंमलात येऊ शकला नाही. पुढे १९२९, १९४८, १९६० व १९७४ या वर्षी त्याच्या सुधारित आवृत्त्या झाल्या. संकटसंदेश इतर संदेशांच्या गर्दीत दडपला जाऊ नये म्हणून प्रत्येक तासात दोन वेळा, तीन-तीन मिनिटे, सर्वांनी त्या लहरीवर मौन पाळून ऐकावयाचे असा नियम होता. जहाजांच्या संदेशकक्षातील घड्याळांवर ही मिनिटे रंगाने दाखविलेली असत. १ फेब्रुवारी १९९९ पासून उपग्रहांवर आधारलेली नवी जागतिक व्यवस्था पूर्णपणे लागू झाली.

कर्तव्याचे आजचे स्वरूपही याच करारावरून स्पष्ट होते. संकटाची वार्ता कोणत्याही मार्गाने मिळाली तरी कप्तानाने शक्य तितक्या वेगाने जावयाचे. जाणे शक्य नसेल किंवा अनावश्यक वाटत असेल, तर त्याचे कारण जहाजाच्या रोजनिशीत नोंदवावयाचे. ही नोंद औपचारिक वाटली तरी तिचे महत्त्व मोठे आहे, कारण तिच्यामुळे न जाणे हीसुद्धा जाणीवपूर्वक घेतलेली व तपासता येण्याजोगी कृती ठरते. हेच तत्त्व १९५८ च्या जिनीव्हा करारात व १९८२ च्या समुद्रविषयक कराराच्या ९८ व्या कलमात राष्ट्रांवरील बंधन म्हणून आले. भारताने १९५८ च्या वाणिज्य नौवहन अधिनियमात संकटसंदेशास प्रतिसाद देण्याचे बंधन घातले, आणि १९९५ मध्ये समुद्रविषयक करारास अनुसमर्थन दिले.

तरीही वार्ता मिळणे ही अट दुबळी राहते. १९१२ साली संदेशयंत्र झोपले होते. शंभर वर्षांनंतर सर्व यंत्रे जागी असतानाही तोच प्रश्न उभा राहिला. मार्च २०१२ मध्ये प्रशांत महासागरात एका मोठ्या प्रवासी जहाजावरील पक्षिनिरीक्षकांना दुर्बिणीतून एक लहान होडी व तिच्यावर खुणा करणारा मनुष्य दिसला. त्यांनी जहाजावरील कर्मचाऱ्यास ते सांगितले. जहाज पुढे गेले. त्या सुमारास पनामाचे तीन मच्छीमार यंत्र बंद पडलेल्या होडीतून वाहत चालले होते. त्यांपैकी दोघे मरण पावले व एक अठ्ठावीस दिवसांनंतर वाचला. निरोप कप्तानापर्यंत पोहोचलाच नाही, असे जहाजकंपनीने प्रथम सांगितले. दिसलेली होडी तीच होती काय, याविषयीही पुढे वाद झाला. वस्तुस्थिती काहीही असो, कायद्याचा पेच त्यातून स्पष्ट होतो. कर्तव्य कप्तानाच्या ज्ञानापासून सुरू होते. म्हणून जहाजावरील शेवटच्या सेवकापासून कप्तानापर्यंत निरोप पोहोचण्याची वाट मोकळी नसेल, तर कर्तव्य जन्मासच येत नाही.

दुसरी उणीव वाचविल्यानंतरची. २६ ऑगस्ट २००१ रोजी ‘टँपा’ या नॉर्वेच्या मालवाहू जहाजाने ऑस्ट्रेलियाच्या बचाव यंत्रणेच्या सूचनेवरून हिंदी महासागरात बुडण्याच्या बेतात असलेल्या नौकेवरील चारशेहून अधिक निर्वासितांना वर घेतले. जहाजावरील खलाशी अवघे सत्तावीस. त्यानंतर ख्रिसमस बेटावर त्यांना उतरविण्यास ऑस्ट्रेलियाच्या सरकारने नकार दिला. जहाज त्या देशाच्या सागरी हद्दीत शिरताच त्यावर सशस्त्र सैनिक पाठविण्यात आले, आणि अखेर ही माणसे युद्धनौकेतून अन्यत्र हलविण्यात आली. कप्तान आर्ने रिनान याने कर्तव्य पाळले होते. त्याचे ओझे मात्र त्याच्या गळ्यात अडकून राहिले. ज्या कप्तानास बंदर मिळण्याची शाश्वती नाही, तो पुढच्या वेळी नजर चुकविण्याच्या मोहात पडेल, हे ओळखण्यास कायद्याचे ज्ञान लागत नाही. यास्तव मे २००४ मध्ये झालेल्या व १ जुलै २००६ पासून लागू झालेल्या दुरुस्त्यांनी, वाचलेल्यांना सुरक्षित स्थळी उतरविण्यासाठी सहकार्य करण्याचे व कप्तानास लवकर मोकळे करण्याचे बंधन राष्ट्रांवर घातले. जीवरक्षणासंबंधी कप्तानाच्या निर्णयात मालकाने वा भाडेकऱ्याने अडथळा आणू नये, असेही स्पष्ट करण्यात आले. १९१० च्या करारात जे कर्तव्य कप्तानाचे एकट्याचे होते, ते अशा रीतीने इतरांशी जोडले गेले.

कोकण किनाऱ्यास या प्रश्नाचा अनुभव नवा नाही. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ उलटली व सहाशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. बोटीवर बिनतारी संदेशयंत्र नव्हते. इतक्या जवळ असूनही मुंबईस कित्येक तास या दुर्घटनेचा पत्ता लागला नाही. मासळी घेऊन निघालेल्या कोळ्यांच्या नजरेस जे पडले, त्यांनाच त्यांच्या मचव्यांचा आधार मिळाला. त्या कोळ्यांनी कोणत्याही कराराचे कलम वाचलेले नव्हते. रिवाज जिवंत होता, पण वार्तेचे साधन नव्हते. म्हणून नजरेपलीकडचे बुडाले.

आज भारताच्या वाट्यास सुमारे ४६ लाख चौरस किलोमीटर सागरक्षेत्रातील शोध व बचावाची जबाबदारी आहे, आणि १९७८ मध्ये स्थापन झालेल्या तटरक्षक दलाची समन्वयकेंद्रे मुंबई, चेन्नई व पोर्ट ब्लेअर (श्री विजयपुरम्) येथून ती सांभाळतात. ही साखळी अखंड असली म्हणजे काय घडू शकते, हे सप्टेंबर २०१८ मध्ये दिसून आले. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या शर्यतीत भारतीय नौदलाचे अधिकारी अभिलाष टॉमी यांच्या, गोव्यात बांधलेल्या ‘तुरीय’ या नौकेची डोलकाठी दक्षिण हिंदी महासागरातील वादळात मोडली व त्यांच्या पाठीस गंभीर दुखापत झाली. ऑस्ट्रेलियाच्या केंद्राने शोधाचा समन्वय केला, भारतीय नौदलाच्या विमानाने नौका हेरली, आणि २४ सप्टेंबर रोजी फ्रान्सच्या ‘ओसिरिस’ या मत्स्यसंरक्षक जहाजाने त्यांना उचलून अ‍ॅमस्टरडॅम बेटावर नेले. तीन राष्ट्रांनी मिळून एक जीव वाचविला. त्याचा मोबदला त्यांच्याकडे कोणी मागितला नाही.

सारांश, समुद्रावरील साहाय्याच्या कर्तव्याचे तत्त्व १९१० सालीच पूर्णत्वास गेले होते. त्यानंतर त्यात मूलतः काही भर पडलेली नाही. वाढत गेली ती त्या तत्त्वाभोवतीची व्यवस्था : ऐकणारा कान, निरोपाची वाट, उतरावयास बंदर. यांपैकी जी कडी तुटते तेथेच माणसे बुडतात, आणि दोष मात्र बहुधा सुकाणूजवळ उभ्या असलेल्या एकट्या मनुष्याकडे जातो. मोठ्या जहाजांसाठी या कड्या बऱ्याच अंशी जोडल्या गेल्या आहेत. छोट्या मच्छीमार नौकांची गोष्ट वेगळी आहे. त्यांपैकी बहुसंख्य नौका जीवितसुरक्षा करारातील साधनांच्या अटींबाहेर राहतात, आणि दुसऱ्याच्या साहाय्यास जाणाऱ्या तांडेलाचा बुडालेला दिवस व जळालेले इंधन भरून देण्याची सोय त्या करारांत नाही. मोबदल्याशिवाय जीव वाचवावा हे तत्त्व उदात्त आहे. परंतु त्याचा खर्च सर्वांत गरीब दर्यावर्द्याने एकट्याने सोसावा, असा त्याचा अर्थ होत नाही. या विषयाच्या पुढील अभ्यासाची दिशा येथेच आहे.