मेटफॉर्मिन आणि थेंबभर पाणी

मधुमेहाचे निदान झाले की बहुतेकांच्या हाती पहिली पडते ती मेटफॉर्मिनची गोळी. १९५७ पासून माणसांत वापरले जाणारे हे औषध पाण्यात सहज विरघळते. तेलकट पदार्थांशी त्याचे जमत नाही. यकृत त्याचे विघटन करत नाही, ते जसेच्या तसे लघवीवाटे बाहेर पडते. म्हणून तर ही गोळी घेणाऱ्याचे क्रिएटिनिन डॉक्टर अधूनमधून तपासतात. पाण्याची हीच ओढ गोळी तपासणाऱ्यांनाही छळते.

ठाणे जिल्ह्यात औषधांचे कारखाने पुष्कळ. कल्याण-डोंबिवलीतल्या अनेक घरांतले कोणी ना कोणी केमिस्ट्रीत एम.एस्सी. करून ‘क्यूसी’त लागलेले असते. गोळीत हवे ते आहे ना आणि नको ते नाही ना, हे पाहणारा हा विभाग. तिथले भरवशाचे यंत्र एचपीएलसी. औषधाच्या द्रावणाचे काही मायक्रोलिटर, म्हणजे थेंबाहूनही कमी, बारीक पूड ठासलेल्या पोलादी नळीत सोडतात. या नळीला कॉलम म्हणतात. तिच्यातून दुसरा द्रव दाबाने वाहत असतो. फास्ट लोकलमधून कल्याणला उतरलेली गर्दी आठवावी. कोणी थेट पूल गाठतो, कोणी वडापावच्या स्टॉलशी रेंगाळतो. पुलावरून मोजणाऱ्याला दोघे वेगवेगळ्या वेळी दिसतात.

नेहमीच्या कॉलममधल्या पुडीवर तेलकट थर असतो. मेटफॉर्मिन तिथे थांबतच नाही, सुरुवातीच्या लोंढ्यातच निघून जाते. मग वेगळा कॉलम घेतात. त्यातल्या पुडीवर पाण्याचा पातळ पापुद्रा टिकून राहतो आणि वाहता द्रव बहुतांशी अॅसिटोनायट्रिल असतो. आता मेटफॉर्मिन त्या पापुद्र्यात रेंगाळते. नवखा माणूस फसतो तो इथेच. गोळीची पूड पाण्यात विरघळवणे त्याला साहजिक वाटते. पण ते पाणी कॉलममध्ये शिरले की औषधाला चहूकडे पाणीच, थांबायचे कशाला? काही पाण्याबरोबर वाहत जाते, काही मागे राहते. आलेखावर एक टोकदार सुळका यायचा, तिथे बसकी टेकडी येते किंवा दोन शिखरे. त्या टेकडीखाली डायसायनडायअमाइड झाकले जाऊ शकते. मेटफॉर्मिन ज्यापासून बनते त्यातलाच हा कच्चा माल, आणि तोही पाण्याचाच दोस्त.

उपाय आहे. थोड्या पाण्यात विरघळवून अॅसिटोनायट्रिलने पातळ करायचे आणि इंजेक्शनचे प्रमाण कमी ठेवायचे. मात्र अॅसिटोनायट्रिल फार झाले की औषध तळाशी बसू लागते, तेव्हा बेतानेच.

दोन पदार्थ वेगळे न झाल्याने काय होते, ते २०२० मध्ये दिसले. अमेरिकेतल्या एका खासगी प्रयोगशाळेने मेटफॉर्मिनच्या ३८ पैकी १६ नमुन्यांत एनडीएमए हे कर्करोगाचा धोका वाढवणारे द्रव्य दिवसाला ९६ नॅनोग्रॅम या मर्यादेपेक्षा जास्त असल्याचे सांगितले. तिथल्या एफडीएने फेरतपासणी केली, तेव्हा असे नमुने ८ निघाले. तिथे घोळ इंजेक्शनचा नव्हता; एनडीएमएच्या जोडीनेच कॉलममधून बाहेर पडणारे डीएमएफ हे विद्रावक त्यात मोजले गेले होते. उरलेले आठ मात्र खरेच सदोष होते, आणि त्या वर्षी काही कंपन्यांना आपल्या गोळ्या बाजारातून परत घ्याव्या लागल्या. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नका, असे एफडीएने तेव्हा रुग्णांना बजावले होते.