गाडी ‘बसते’ ती कशामुळे?

तळोद्याहून चांदसैली घाटाने धडगावकडे निघालेली प्रवासी जीप दिसली, की आधी माणसे दिसतात, मग गाडी. आत दाटीवाटी, मागे लटकलेले चौघे, टपावर पोती. महाशिवरात्रीला तोरणमाळच्या यात्रेत तर ही गर्दी आणखी वाढते. सातपुड्यातल्या वाड्या-पाड्यांना याच गाड्यांचा आधार. पण काही वर्षांतच त्या एका बाजूला कलतात आणि गॅरेजवाला सांगतो, "स्प्रिंग बसली."

उदाहरणार्थ, 2000 साली आलेल्या बोलेरोला मागे पाटे (लीफ स्प्रिंग) असतात, पुढे कॉइल स्प्रिंग. बहुतेक छोट्या मोटारींना चारही चाकांवर कॉइल असते. कॉइल म्हणजे वेटोळे घातलेली पोलादी तार. वरून दाब आला, की ओला कपडा पिळावा तशी ही तार आतून पिळली जाते. दाब गेला, की पीळ सुटतो. रॉबर्ट हूकने 1678 मध्ये मांडलेला नियम इथे लागू पडतो: जितका भार, तितकी स्प्रिंग दबते. मात्र पोलादाच्या मर्यादेपर्यंतच. ती ओलांडली, की थोडा पीळ कायमचा राहतो आणि स्प्रिंगची उंची घटते.

ही मर्यादा गाठली जाईल असे मुक्कामावर उभ्या गाडीत क्वचितच घडते. भरलेली गाडी खड्ड्यात आदळते किंवा घाट उतरताना जोराचा ब्रेक लागून वजन पुढे झुकते, तेव्हा क्षणभर कितीतरी जास्त भार पडतो. असे शेकडो धक्के साठत जातात.

दुसरा शत्रू गंज. तारेवरचा रंग खडीच्या माऱ्याने उडतो. स्प्रिंग ज्यावर टेकते त्या खालच्या बैठकीत पावसाळ्याचा चिखल अडकून ओला राहतो. गंजाने बारीक खळगा पडला, की तिथूनच तडा सुरू होतो. अनेक स्प्रिंगा खालच्या वेढ्यालाच तुटतात त्या म्हणूनच.

तिसरे कारण स्वस्त सुटा भाग. स्प्रिंगचा ताठरपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने बदलतो. बाकी मापे तीच ठेवून 13 मिलिमीटरऐवजी 12 मिलिमीटरची तार वापरली, तरी ताठरपणा चतुर्थांशाहून अधिक कमी होतो. गाडी खाली घेण्यासाठी स्प्रिंग गॅसने तापवणे तर त्याहून वाईट. पोलादाला दिलेले पाणी उतरते आणि ती लवकरच बसते.

गाडी बसली की अनेक मालक शॉकअप बदलतात. पण वजन पेलते ती स्प्रिंग. शॉकअप फक्त तिची उसळी आवरतो. नवा शॉकअप बसवूनही उंची परत येत नाही. वेढ्यांमध्ये रबर कोंबले, तर गाडी उचललेली दिसते. पण काही वेढे जखडतात आणि उरलेल्यांवर जादा पीळ येतो.

तपासणी घरीही होते. सपाट जागी, रिकाम्या गाडीच्या चारही टायरांत योग्य हवा भरून, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची दोन्ही बाजूंना मोजावी. स्पष्ट फरक दिसला, टायर एका कडेने झिजत असला किंवा मागची बाजू बसून हेडलाइट वर मारत असला, तर स्प्रिंग तपासून घ्यावी. बदलताना एका अॅक्सलवरच्या दोन्ही स्प्रिंगा एकदमच बदलाव्यात. दाबलेली स्प्रिंग सुटली तर जीव घेऊ शकते. ती खोलण्याचे काम योग्य हत्यार असलेल्या मेकॅनिकनेच करावे.

पावसाळा संपताच खालची बैठक पाण्याने स्वच्छ धुवा. आणि घाट उतरण्याआधी गाडीत किती माणसे बसली आहेत, ते एकदा मोजा.