‘कॉलेज’ : शब्द एक, अर्थ दोन

बऱ्हाणपूर आणि रावेर यांच्यामध्ये राज्याची सीमा आहे. ‘कॉलेज’ या शब्दाचा व्यवहारातील अर्थही तेथेच पालटतो. मूळ लॅटिन शब्द इमारतीचा नव्हे, तर सहकाऱ्यांच्या मंडळाचा वाचक आहे. म्हणूनच राष्ट्रपतींची निवड करणाऱ्या निर्वाचकगणास संविधानाच्या इंग्रजी पाठात (अनुच्छेद ५४) ‘इलेक्टोरल कॉलेज’ म्हटले आहे.

शिक्षणाच्या क्षेत्रात पाहता, महाराष्ट्रात १९७५ मध्ये १०+२ आकृतिबंध आल्यापासून अकरावी-बारावीचे वर्ग ‘ज्युनिअर कॉलेज’ म्हणून ओळखले जातात. मध्य प्रदेशात हेच वर्ग उच्चतर माध्यमिक विद्यालयात भरतात. ‘महाविद्यालय’ म्हणजे पदवीचे शिक्षण, असाच तेथे संकेत आहे.

यास्तव सीमेपलीकडून येणाऱ्या विद्यार्थ्याने प्रवेशाच्या वा शिष्यवृत्तीच्या अर्जात ‘कॉलेजात दोन वर्षे’ एवढेच लिहिल्यास ती पदवीची वर्षे समजली जाण्याचा संभव असतो. बारावीची परीक्षा मंडळाची, पदवीची विद्यापीठाची, हा भेद ध्यानी घ्यावा. इयत्ता आणि परीक्षा घेणारी संस्था यांचा स्पष्ट उल्लेख करावा. पालकांनी एवढी दक्षता घेतल्यास एका शब्दापायी पाल्याचा अर्ज अडून राहणार नाही.