तार लपवा, पण बारीक नको!

घरात चहूबाजूंनी आवाज यावा म्हणून पाच स्पीकर बसवले, तर पुढचे तीन टीव्हीजवळच राहतात. मागच्या दोघांच्या तारा मात्र खोलीला वळसा घालतात. भिंतीच्या कडेने, प्लास्टिकच्या पट्टीतून नेल्या की त्या दिसत नाहीत. पण वाट लांबते. मग मागचा आवाज उशिरा येईल का?

मुळीच नाही. १० मीटर तारेतून विद्युत्-संदेश जाण्यास सेकंदाच्या एक कोटीव्या भागाहूनही कमी वेळ लागतो. उशीर होतो तो हवेत. तेथे ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटरच जातो. मागचा स्पीकर पुढच्यापेक्षा १.५ मीटर जवळ असेल, तर त्याचा आवाज ४.४ मिलिसेकंद आधी पोचतो. म्हणून अॅम्प्लिफायरमध्ये अंतरे नोंदवतात. तो मागचा आवाज तेवढा रोखून धरतो.

लांब तारेचा खरा तोटा म्हणजे तिचा रोध. जाऊन-येऊन २० मीटर तांब्याची तार ०.५ चौरस मिलिमीटर छेदाची असेल, तर रोध ०.६८ ओहम भरतो. स्पीकर ८ ओहमचा असल्यास सुमारे ८ टक्के शक्ती तारेतच उष्णतेच्या रूपाने वाया जाते. १.५ चौरस मिलिमीटरची तार घेतली, की हा तोटा ३ टक्क्यांखाली येतो.

एक पथ्य मात्र पाळाच. ही तार २३० व्होल्टच्या वायरिंगच्या नळीतून कधीही नेऊ नका. आवरण फाटले तर जिवावर बेतेल.

आता स्पीकर ४ ओहमचा असेल तर? गणित करून पाहा.